आरंभींच्या आंकड्याची हकीकत



रायगडावरील हिरकणीची आख्यायिका आपणां सर्वांस ठाऊक आहे. गडाचे दरवाजे मिटल्यावर, घरीं तान्हें मूल असलेली एक गवळण अंधारांत कडा उतरून गेली. आणि जो कडा कोणासही चढतां वा उतरतां यावयाचा नाहीं अशी सर्वांची समजूत होती, तेथें पुढें बुरूज बांधण्यांत आला. ही गोष्ट मी वर्गांत कैक वर्षें सांगत आलों. मुलें हिरकणीचें धैर्य लक्षांत ठेवीत. माझें लक्ष मात्र नेहमीं दुसरीकडे जाई. जिनें वाट दाखविली तिला शिक्षा न होतां वाट बुजविली गेली, ही गोष्ट मला फार मोलाची वाटे. हा शहाणपणा सर्व काळीं सर्वांस सुचतोच असें नाहीं.

आज मी जी हकीकत सांगणार आहें तींत गड नाहीं आणि कडाही नाहीं. परंतु तट आहे, तटांतील छिद्र आहे, तें दाखविणारीं माणसें आहेत. आणि छिद्र बुजविण्यासाठीं बांधलेला बुरूजच चोराची शिडी कसा बनला, हा प्रकारही तींत आहे.

आपल्या घरोघरीं, आणि आतां तर प्रत्येकाच्या खिशांत, जें गणकयंत्र असतें त्याच्या सर्व कारभाराच्या मुळाशीं एक आज्ञावली असते. कोणत्या कामास किती वेळ द्यावयाचा, स्मृतीचा कोणता कप्पा कोणाच्या स्वाधीन करावयाचा, बाहेरून आलेला निरोप कोणाकडे पोंचवावयाचा, हें सर्व ती ठरविते. तिला इंग्रजींत 'कर्नल' म्हणतात. पलटणींतील कर्नलाशीं तिचा कांहीं संबंध नाहीं. फळांतील गर अथवा गाभा या अर्थाचा तो निराळा शब्द आहे. तथापि माझ्या एका जुन्या विद्यार्थ्यानें, जो पुण्यास याच व्यवसायांत आहे, हा विषय मला प्रथम समजावून दिला तेव्हां बराच वेळ माझ्या डोळ्यांपुढें एक मिशाळ लष्करी अधिकारीच उभा होता. त्या विद्यार्थ्याच्या सहनशीलतेचे आभार मानून मी पुढें जातों.

यंत्रें परस्परांशीं बोलतात तीं लहान लहान लखोट्यांच्या द्वारें. त्यांस पॅकेट असें म्हणण्याचा प्रघात आहे. प्रत्येक पॅकेटावर कोणाकडे जावयाचें तो पत्ता असतो आणि कोणाकडून आलें तोही असतो. आतां आपल्या नेहमींच्या टपालाची रीत पहा. पत्र कोणाला द्यावयाचें तो पत्ता टपालवाला डोळे फाडून वाचतो. पाठविणाराच्या पत्त्याकडे तो ढुंकूनही पाहत नाहीं. तेथें मीं माझ्या शेजाऱ्याचें नांव लिहिलें तरी पत्र बिनबोभाट पोंचतें. यंत्रांच्या टपालाचीही मूळची रीत हीच आहे. खोटा पत्ता घालून पॅकेट सोडणें अवघड नाहीं. मात्र त्याचें उत्तर, ज्याचें नांव घातलें त्याच्याकडे जातें. लबाडी करणाराला तें दिसत नाहीं. तो आंधळा असतो. हें आंधळेपण आपण ध्यानांत ठेवावें, कारण पुढील सर्व कथा त्याच्याभोंवतीं फिरते.

सन १९७४ च्या मे महिन्यांत व्हिंटन सर्फ आणि रॉबर्ट कान या दोघां अमेरिकन गृहस्थांनीं एक निबंध प्रसिद्ध केला. पॅकेटें वाटेंत हरवतात, मागचें पुढें येतें, कधीं एकच दोनदां येतें; असें असूनही दोन यंत्रांमध्यें अखंड संभाषण कसें चालावें, याचा विचार त्यांत होता. त्यांतून जी पद्धति पुढें सिद्ध झाली ती 'टीसीपी' या नांवानें ओळखली जाते. तिचें मर्म अगदीं साधें आहे. पाठविलेल्या प्रत्येक अक्षराला अनुक्रमांक द्यावयाचा, आणि घेणारानें 'अमुक अंकापर्यंत मिळालें' अशी पोच द्यावयाची. पोच आली नाहीं तर पुन्हां पाठवावयाचें.

यावर वर्गांतला एकादा चौकस मुलगा विचारील कीं, गुरुजी, मोजणी एकापासून कां सुरू करूं नये? प्रश्न योग्य आहे. दोन यंत्रांचें एक संभाषण तुटलें आणि लगेच दुसरें सुरू झालें, आणि पहिल्या संभाषणांतील एकादें रेंगाळलेलें पॅकेट दुसऱ्यांत येऊन पडलें, तर तें जुनें आहे हें ओळखावें कसें? म्हणून प्रत्येक वेळीं मोजणीचा आरंभ निराळ्या आंकड्यापासून करावा असें ठरलें. या आंकड्याला आपण आरंभांक म्हणूं. तो कसा निवडावा याविषयीं १९७५ सालीं रे टॉम्लिन्सन यांनीं लिहिलें. ईमेलच्या पत्त्यांत 'ॲट'चें चिन्ह घालणारे ते हेच. १९८१ च्या सप्टेंबरांत जॉन पोस्टेल यांनीं संपादिलेलें 'आर. एफ. सी. ७९३' हें पद्धतीचें अधिकृत लेखपत्र निघालें. त्यांत आरंभांक एका काल्पनिक घड्याळावरून घ्यावा, हें घड्याळ दर चार मायक्रोसेकंदांस, म्हणजे सेकंदाच्या अडीच लाखाव्या भागास, एकानें पुढें सरकावें, असें सुचविलें होतें. एकंदर आंकडे ४,२९,४९,६७,२९६. तेव्हां साडेचार तासांहून किंचित् अधिक काळांत एक फेरा पुरा होतो. या घड्याळाचें जें कारण लेखपत्रांत दिलें आहे तें जुन्या पॅकेटांच्या घोटाळ्याचें आहे. त्या काळीं या जाळ्यावर जीं यंत्रें होतीं तीं बहुतेक विद्यापीठांचीं, संशोधनसंस्थांचीं व लष्करी खात्याचीं. सगळे एकमेकांच्या ओळखीचे. ओळखीच्या आळींत कुलपें कोण लावतो?

संभाषणाचा आरंभ तीन निरोपांनीं होतो, तो आपण नीट पाहूं. पहिलें यंत्र म्हणतें, "मला आपल्याशीं बोलावयाचें आहे, माझा आरंभांक हा." दुसरें म्हणतें, "आपला आरंभांक पोंचला, माझा हा." पहिलें पुन्हां म्हणतें, "आपलाही पोंचला." या तिसऱ्या निरोपांत दुसऱ्या यंत्राचा आंकडा परत सांगावा लागतो. येथें मूळ कर्त्यांच्या ध्यानींमनीं नसतां एक पहारेकरी आपोआप उभा राहिला. जो खोटा पत्ता घालून पहिला निरोप पाठवील त्याला दुसरा निरोप दिसणार नाहीं; तो दिसला नाहीं तर त्याला तिसरा रचतां येणार नाहीं. मात्र एवढें खरें कीं, तो आंकडा त्याला तर्कानें काढतां आला, तर पहारेकऱ्याचा उपयोग शून्य!

१९८३ सालीं कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कले येथील मंडळींनीं युनिक्सची ४.२ बीएसडी ही आवृत्ति काढली. टीसीपी तिच्या गाभ्यांतच बसविलेली होती, आणि ही आवृत्ति पुढें फार ठिकाणीं पसरली. तींत आरंभांकाची व्यवस्था अशी होती: एकच सामाईक आंकडा ठेवावयाचा, तो दर सेकंदास १२८ नें वाढवावयाचा, आणि प्रत्येक नव्या जोडणीस ६४ नें. आतां कोणीही उघडपणें स्वतःच्या नांवानें एक जोडणी करून आजचा आंकडा विचारून घेतला, कीं पुढच्याला काय येणार हें सांगावयास पंचांगाची गरज नव्हती.

ही गोष्ट एका एकोणीस वर्षांच्या मुलानें ओळखली. त्याचें नांव रॉबर्ट टॅपन मॉरिस, हार्वर्डचा विद्यार्थी. १९८५ च्या फेब्रुवारींत बेल लॅबोरेटरीजच्या एका छोटेखानी अहवालांत त्यानें ही कमजोरी उघड मांडली. त्या काळीं 'अमुक यंत्रावरून येणारास गुप्तशब्दावांचून आंत घ्यावें' अशी विश्वासू यंत्रांची यादी ठेवण्याची चाल होती. अशा विश्वासू यंत्राचा पत्ता घालून, आंकडा तर्कानें काढून, आंधळेपणींच आंत शिरतां येतें हें त्यानें दाखविलें. हाच मॉरिस पुढें १९८८ च्या नोव्हेंबरांत आपोआप पसरणारी एक आज्ञावली जाळ्यावर सोडून जगाच्या निंदेस पात्र झाला, आणि १९९० सालीं त्यास तीन वर्षांची देखरेख, चारशें तासांचें समाजकार्य व दंड अशी शिक्षा झाली. त्यानंतर तो एम. आय. टी. मध्यें प्राध्यापक झाला. एकाच माणसाच्या हातून दिवा आणि आग दोन्ही लागल्याचें हें उदाहरण आहे. त्याच्या आगीची आठवण सर्वांस राहिली. दिव्याकडे मात्र कोणी पाहिलें नाहीं.

१९८९ च्या एप्रिलांत स्टीव्हन बेलोव्हिन यांनीं या पद्धतीच्या एकूण दोषांवर विस्तृत निबंध लिहिला आणि मॉरिसचा इशारा पुन्हां मांडला. तरीही कोणी हललें नाहीं. सूचना-पुस्तकांत लिहिलेला मजकूर कोणी वाचीत नाहीं, याचा अनुभव शाळेंत काम केलेल्या माणसाला निराळा सांगावयास नको. मीं स्वतः एका शाळेंत जिन्याच्या सैल कठड्याविषयीं तीन वर्षें लिहून देत होतों. कठडा दुरुस्त झाला तो एक मुलगा पडल्यावर.

येथेंही तसेंच झालें. १९९४ सालच्या २५ डिसेंबर रोजीं, नाताळच्या दिवशीं, दुपारीं दोन वाजून गेल्यावर, सान डिएगो येथील त्सुतोमू शिमोमुरा या शास्त्रज्ञाच्या यंत्रांवर हल्ला झाला. शिमोमुरा यांनीं महिन्याभरांत त्याची जी टिपणी प्रसिद्ध केली ती मूळ नोंदींसह आहे, आणि इतिहासाच्या शिक्षकास अशा नोंदी म्हणजे अस्सल बखरीहून प्रिय. प्रथम हल्लेखोरानें, त्यांच्या दोन यंत्रांचा परस्परांवर विश्वास आहे काय, हें चांचपून पाहिलें. मग विश्वासू यंत्राच्या दारावर त्यानें अर्धवट जोडण्यांच्या मागण्यांचा वर्षाव केला. अशा तीसएक मागण्या आल्या आणि त्या यंत्राची रांग भरून तें मुकें झालें. हें मुकें करणें आवश्यक होतें, कारण नाहींतर ज्याचें नांव चोरलें तें यंत्र अनपेक्षित आलेल्या दुसऱ्या निरोपास "मीं तर असें कांहींच विचारलें नाहीं" असें उत्तर देऊन सर्व डाव उधळतें. त्यानंतर ज्या यंत्रांत शिरावयाचें त्याला वीस वेळां उघडपणें विचारून आंकडे पाहिले. प्रत्येक वेळीं आंकडा १,२८,००० नें वाढत होता. बस्स, इतकें पुरे झालें. पुढचा आंकडा तर्कानें काढून खोट्या नांवानें जोडणी झाली, आणि एक ओळ लिहिली गेली. त्या ओळींत अधिकाची दोन चिन्हें होतीं. तिचा अर्थ असा कीं यापुढें कोणत्याही यंत्रावरील कोणासही आंत घ्यावें. पहिल्या खोट्या पॅकेटापासून इथवर सोळा सेकंदांहूनही कमी वेळ लागला.

या प्रकरणाशीं केव्हिन मिटनिक यांचें नांव जोडलें गेलें आणि १९९५ च्या फेब्रुवारींत उत्तर कॅरोलिनांतील रॅले शहरीं त्यांस अटक झाली. त्या पाठलागावर ग्रंथ निघाले आणि चित्रपटही. मला त्या पाठलागांत फारसें स्वारस्य नाहीं. १९८५ पासून १९९४ पर्यंतचीं जीं नऊ वर्षें रिकामीं गेलीं तीं मला अधिक टोंचतात.

इलाज सुचविला तो पुन्हां बेलोव्हिन यांनींच, १९९६ च्या मे महिन्यांत. घड्याळ ठेवावें, पण त्याच्या आंकड्यांत आणखी एक आंकडा मिळवावा. तो दोन्ही टोकांचे पत्ते, दोन्ही टोकांचे द्वारक्रमांक आणि यंत्राचें एक गुप्त वाक्य यांपासून अशा गणितानें काढावा कीं उलट मार्गानें त्याचा माग लागूं नये. म्हणजे मीं माझ्या नांवानें कितीही जोडण्या करून पाहिल्या तरी शेजाऱ्यास कोणता आंकडा मिळेल हें मला कळणार नाहीं. जुन्या पॅकेटांचा प्रश्नही सुटला आणि चोराचाही. इतका नेटका उपाय क्वचितच सांपडतो. हळूहळू सर्वांनीं तो स्वीकारला आणि आरंभांकाची कथा संपली असें वाटलें.

पण ती संपली नव्हती. आरंभ लपविला तरी मध्येंच घुसण्याची वाट राहिली होती. पॅकेटें मागें-पुढें येतात म्हणून घेणारें यंत्र नेमक्या एका आंकड्यासाठीं अडून बसत नाहीं. पुढील कांहीं हजार आंकड्यांपैकीं कोणताही आला तरी तें स्वीकारतें. या पल्ल्याला 'खिडकी' म्हणतात. आणि 'संभाषण तोडा' असा जो निरोप असतो तोसुद्धां खिडकींतला आंकडा घेऊन आला कीं खरा मानला जाई. २००४ च्या एप्रिलांत पॉल वॉटसन यांनीं व्हँकूव्हर येथील परिषदेंत यांतलें साधें गणित मांडलें. खिडकी ६५,५३६ ची धरली, तर चार अब्जांहून अधिक आंकड्यांच्या पटांगणांत प्रत्येक ६५,५३६ वर एक दगड टाकला तरी पुरतें. म्हणजे ६५,५३६ दगडांत एक लागणारच. इतके दगड टाकावयास आजच्या वेगानें किती वेळ लागतो! जाळ्यावरील मोठमोठे मार्गदर्शक नाके परस्परांशीं तासन्‌तास, दिवसन्‌दिवस एकच जोडणी धरून असतात. ती तोडली तर मुलुखच्या मुलुख नकाशावरून नाहींसे व्हावयाचे. म्हणून या वेळीं खरोखरच धांवपळ उडाली.

धांवपळ उडाली तरी उपायाचें अधिकृत लेखपत्र निघण्यास २०१० चा ऑगस्ट उजाडला. त्याचा क्रमांक ५९६१. त्यांतील मुख्य नियम मला फार आवडला. तोडीचा निरोप आला आणि त्याचा आंकडा नेमका पाहिजे तोच असला तर तोडावें, खिडकींत आहे पण नेमका नाहीं, तर तोडूं नये, उलट समोरच्यास विचारावें, "हें आपणच म्हणालांत काय? माझी मोजणी येथवर आहे." ही खातरजमेची पोच होय. ज्यानें खरोखर तोडलें असेल तो नेमका आंकडा घालून पुन्हां सांगेल. लबाड असेल त्याला ही विचारणा दिसणारच नाहीं, कारण तो आंधळा. गांवांतल्या जुन्या सावकाराकडे कोणी निरोप्या येऊन "अमक्यांनीं पैसे मागितले आहेत" म्हणाला, तर तो आपला माणूस परत पाठवून विचारून घेई. अगदीं तसेंच हें.

आतां या शहाण्या नियमाला एक शेपूट जोडलें होतें. कोणी मुद्दाम लक्षावधि खोटे निरोप पाठविले तर यंत्र बिचारें विचारणाच करीत बसेल. म्हणून विचारणांवर मर्यादा असावी. पांच सेकंदांत दहा, असें एक उदाहरण लेखपत्रांत दिलें होतें. लिनक्स या प्रसिद्ध गाभ्यानें ३० सप्टेंबर २०१२ रोजीं निघालेल्या ३.६ या आवृत्तींत हा उपाय सर्व अंगांनीं अमलांत आणला, आणि मर्यादा ठेवली एका सेकंदास शंभर. ती शंभराची मर्यादा यंत्राच्या सर्व जोडण्यांत मिळून एकच होती. छिद्र येथें पडलें.

हें समजावें म्हणून परीक्षागृहांतलें एक उदाहरण घेतों. एका दालनांत पुरवण्यांचा शंभराचाच गठ्ठा ठेवला आहे आणि पर्यवेक्षक मागेल त्यास देतो. पडदा लावल्यामुळें एका परीक्षार्थीस दुसरा दिसत नाहीं. मला जाणावयाचें आहे कीं पडद्याआड बसलेल्या अमुक मुलानें पुरवणी घेतली काय. मी काय करीन? गठ्ठा संपेपर्यंत स्वतः मागत राहीन. शंभर मिळाल्या तर त्यानें घेतली नाहीं. नव्व्याण्णव मिळाल्या तर एक त्यानें घेतली! पडदा जागच्या जागीं आहे, मी कांहीं चोरून पाहिलेलें नाहीं. मोजणीनें मला डोळे दिले.

हल्लेखोराचा क्रम असाच. एक सर्व्हर आहे, एक त्याचा ग्राहक आहे, आणि तिसरा दूर देशीं बसलेला लबाड. लबाड त्या सर्व्हराशीं स्वतःच्या नांवाची एक सरळ जोडणी करतो. मग ग्राहकाच्या नांवानें एक खोटें पॅकेट सोडतो, आणि लगोलग आपल्या जोडणीवर शंभर पॅकेटें अशीं पाठवितो कीं प्रत्येकावर विचारणा यावी. शंभर आल्या तर तर्क चुकला. नव्व्याण्णव आल्या तर सर्व्हरानें एक विचारणा ग्राहकास पाठविली, म्हणजे तर्क बरोबर. ग्राहकाला ती आगंतुक पोच मिळते. तो ती निमूटपणें बाजूस टाकतो आणि त्याला कसलीच शंका येत नाहीं. या रीतीनें प्रथम, हे दोघे परस्परांशीं बोलत आहेत काय, एवढेंच विचारावयाचें. मग अनुक्रमांक कोठवर आला तें. मग पोचेचा आंकडा. एका सेकंदांत एकच तर्क करावा लागतो असेंही नाहीं. आंकड्यांच्या मोठ्या पट्ट्यांत एकदम अनेक तर्क सोडावयाचे, आणि ज्या पट्टींत तूट दिसेल ती पुढील सेकंदांत बारीक करीत जावयाची. हरवलेली सुई शोधतांना अंगण अर्धें अर्धें वाटून झाडण्यासारखें हें आहे.

एक अडचण उरते. सर्व्हराचा सेकंद कोठें सुरू होतो आणि कोठें संपतो हें लबाडास ठाऊक नाहीं. पाठविलेलीं पॅकेटें दोन सेकंदांत विभागलीं गेलीं तर हिशेब चुकतो. त्याचीही युक्ति आहे. एका सेकंदांत दोनशें पॅकेटें पाठवून पहावीं. उत्तरें शंभराहून अधिक आलीं कीं आपण दोन सेकंदांच्या शिवेवर आहों हें कळतें; मग थोडें मागें-पुढें सरून नेमकीं शंभरच येईपर्यंत वेळ जुळवावयाची. घड्याळ न पाहतां दुसऱ्याचें घड्याळ लावून घेण्याचा हा प्रकार वाचला तेव्हां मीं पुस्तक मिटून क्षणभर स्वस्थ बसलों. रागावावें कीं वाहवा म्हणावें हें कळेना.

हें छिद्र कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या रिव्हरसाइड येथील संशोधकांनीं शोधलें. युए काव, झियुन चियान, श्रीकांत कृष्णमूर्ति हीं त्यांतील कांहीं नांवें, आणि अमेरिकन सैन्याच्या संशोधनशाळेंतील लिसा मार्व्हेल यांचाही त्यांत भाग होता. एकंदर काम सरासरीनें ४० ते ६० सेकंदांत पुरें होतें आणि ८८ ते ९७ टक्के वेळां साधतें, असा त्यांचा निष्कर्ष होता. जगाच्या दुसऱ्या टोकास बसून, दोघां अनोळखी माणसांच्या मध्यें न येतां, त्यांचें बोलणें तोडावें. किंवा तें सांकेतिक लिपींत झांकलेलें नसेल तर त्यांत आपलें वाक्य घुसडावें! एका मोठ्या अमेरिकन वृत्तपत्राच्या पानांत परका मजकूर घालून त्यांनीं तें करूनही दाखविलें. झांकलेल्या संभाषणांत वाक्य घुसडतां येत नाहीं, पण तें तोडतां येतें.

यांतील एक गोष्ट मला शिक्षक या नात्यानें लागली. विंडोज, मॅक आणि फ्रीबीएसडी या गाभ्यांत हें छिद्र सांपडलें नाहीं. त्यांच्या कर्त्यांनीं अधिक विचार केला होता म्हणून तसें झालें नाहीं. त्यांनीं ५९६१ चा उपाय पुरता अमलांतच आणला नव्हता. गृहपाठ पूर्ण करून आणणारा मुलगा तेवढा छडी खातो आणि अर्धा टाकलेला सुटतो, असा हा प्रसंग. त्यावरून गृहपाठ करूं नये असा बोध काढणारीं मुलें प्रत्येक वर्गांत असतात, आणि त्यांना उत्तर देणें सोपें नसतें.

दुसरी गोष्ट अशी. लिनक्सचा ग्रंथ उघडा आहे. ज्याला वाटेल त्यानें वाचावा. जगांतील बहुसंख्य सर्व्हर आणि अँड्रॉइड जातीचे फोन याच गाभ्यावर चालतात, त्यांत आपल्या गांवोगांवचे फोनही आले. तो शंभराचा आंकडा सुमारें चार वर्षें सर्वांच्या डोळ्यांसमोर होता, साध्या एका ओळींत. उघड्या ग्रंथांत दोष लपत नाहीं असें अभिमानानें सांगितलें जातें. माझें मत एवढेंच कीं, ग्रंथ उघडा असणें निराळें आणि तो वाचला जाणें निराळें. मात्र रिव्हरसाइडच्या मंडळींना तो वाचतां आला तोही उघडा होता म्हणूनच, हें कबूल केलें पाहिजे.

या वेळीं हिरकणीला न्याय मिळाला. संशोधकांनीं आधीं कर्त्यांस कळविलें. गूगलमधील एरिक द्यूमाझे यांनीं २०१६ च्या जुलैंत दुरुस्ती केली. २४ जुलै रोजीं निघालेल्या ४.७ या आवृत्तींत ती आली. आणि त्यानंतर ऑगस्टांत टेक्सासमधील ऑस्टिन शहरीं भरलेल्या परिषदेंत निबंध वाचला गेला. २०१२ सालीं हा नियम लिनक्समध्यें बसविणारेही द्यूमाझेच, तेव्हां ज्यानें बुरूज बांधला त्यानेंच तो पाडून पुन्हां चढविला म्हणावयाचें. दुरुस्ती अशी: मर्यादा शंभराची हजार केली, आणि ती प्रत्येक सेकंदास कांहींशी यदृच्छेनें बदलेल असें केलें. आमच्या उदाहरणांत सांगावयाचें तर गठ्ठ्यांत किती पुरवण्या आहेत हेंच पर्यवेक्षकानें सांगावयाचें बंद केलें. मग नव्व्याण्णव मिळाल्या काय आणि नऊशें मिळाल्या काय, त्यावरून कांहीं कळत नाहीं. ज्यांना नवी आवृत्ति ताबडतोब घेतां येत नव्हती त्यांनीं मर्यादेचा आंकडा ९९,९९,९९,९९९ करून ठेवावा असा तात्पुरता तोडगाही सांगण्यांत आला होता. इतका मोठा गठ्ठा कोणाच्यानें संपवणार! परंतु जुन्या फोनांना अशी दुरुस्ती पोंचविण्याचें काम फोन करणाऱ्या कारखान्यांचें, आणि विकून झालेल्या वस्तूची काळजी वाहण्यांत कारखानदारांची तत्परता किती असते हें आपण जाणतांच.

२०२२ च्या ऑगस्टांत दोन गोष्टी एकाच महिन्यांत घडल्या. पोस्टेल यांच्या १९८१ च्या लेखपत्राची जागा घेणारें ९२९३ क्रमांकाचें नवें लेखपत्र निघालें. पोस्टेल स्वतः १९९८ सालींच निवर्तले होते. बेलोव्हिन यांचा गुप्त वाक्याचा आरंभांक आणि "हें आपणच म्हणालांत काय?" ही विचारणा, दोन्ही त्यांत घेतलीं आहेत. आणि त्याच महिन्याच्या अखेरीस द्यूमाझे यांनीं लिनक्समधील ती सामाईक मर्यादा मुळांतच बंद ठेवण्याचा बदल सादर केला. प्रत्येक जोडणीपुरती जी निराळी मर्यादा दरम्यान आली होती, तीच आतां पुरेशी आहे असें त्यांनीं मानलें. वर्षाअखेर निघालेल्या ६.१ या आवृत्तीपासून ती बंद झाली.